‘दोषमुक्त’ : एका शब्दाची चिकित्सा

मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकास ‘दोषमुक्त’ हा शब्द नवा नाही. अमक्या गैरव्यवहाराच्या प्रकरणातून तमके पुढारी दोषमुक्त झाले, अमक्या खटल्यातील सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता झाली, चौकशी समितीने तमक्या अधिकाऱ्यास ‘क्लीन चिट’ दिली, अशी वाक्ये आपण सकाळच्या चहाबरोबर गिळून टाकतो. ही तीन वाक्ये तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येत असावे. आणि तिन्हींपैकी एकही वाक्य आपल्याला जे सांगावयाचे ते नेमके सांगत नाही, हे तर त्याहूनही थोड्यांच्या. शब्दांची अशी झडती घेणे हा रिकामटेकड्या पंडितांचा उद्योग होय, असा एक समज आहे. शब्द कमळाचा किंवा चंद्राचा असता तर आम्हीही तो समज हसून सोडून दिला असता. परंतु ज्या शब्दाच्या काट्यावर जिवंत माणसाची अब्रू तोलली जाते, तो काटा खरा आहे की नाही हे एकदा पाहिलेच पाहिजे.

‘दोषमुक्त’ हा पंचमी तत्पुरुष. दोषापासून मुक्त तो दोषमुक्त. आता आपल्या भाषेत ‘मुक्त’ हे उत्तरपद ज्या जुन्या समासांत येते ते आठवून पाहावे. ऋणमुक्त, रोगमुक्त, शापमुक्त, बंधमुक्त. ज्याच्या डोक्यावर कधी ऋण नव्हते त्यास कोणी ऋणमुक्त म्हणत नाही. अहल्या शापमुक्त झाली, कारण तिला शाप होता. रोगी रोगमुक्त होतो; जो कधी आजारीच पडला नाही तो नुसता निरोगी. म्हणजे ‘मुक्त’ या पदाच्या पोटात बंधनाचा पूर्वेतिहास असतो, आणि सुटकेचे वर्तमान सांगता सांगता ते पद तो इतिहासही हळूच सांगून जाते. हाच न्याय ‘दोषमुक्त’ला लावला तर काय निष्पन्न होते? हा गृहस्थ दोषाने बांधलेला होता, आज सुटला. त्याच्या बाजूने बोलावयास निघालेला शब्द त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन मोकळा होतो.

यावर कोणी म्हणेल की योगापेक्षा रूढी बलवान; व्युत्पत्तीचे भूत उकरून काढण्यात काय हशील? शिवाय ‘करमुक्त’ चित्रपट, ‘भयमुक्त’ वातावरण, ‘प्लास्टिकमुक्त’ गाव असे प्रयोग आता सर्रास चालतात व त्यांत ‘मुक्त’चा अर्थ केवळ ‘विरहित’ एवढाच असतो. आक्षेप खरा आहे. इंग्रजी शब्दाच्या सावलीत वाढलेला हा नवा ‘मुक्त’ आम्हांसही रोज भेटतो. पण त्याने प्रश्न सुटत नाही, उलट गुंतागुंत वाढते. ‘करमुक्त’ हा शब्द वस्तूचे वर्णन करतो, ‘दोषमुक्त झाला’ हा प्रयोग घटना सांगतो. त्यातले ‘झाला’ हे क्रियापद जोवर आहे तोवर आधी तो तसा नव्हता, हा ध्वनी जाणे शक्य नाही. आणि रूढी म्हणावी तर लोकांच्या मनातील रूढ अर्थही हाच आहे. गावात एखाद्याविषयी ‘तो दोषमुक्त झाला’ असे कोणी सांगितले की ऐकणारा मान हलवतो आणि विचारतो, “सुटला म्हणायचा एकूण!” त्या ‘सुटला’मध्ये पुष्कळ काही येते.

आता ‘निर्दोष मुक्तता’ पाहू. येथे व्याकरणाने प्रथमच ठेच खाल्ली आहे. ‘निर्दोष’ हे विशेषण माणसाचे. ते जाऊन बसले मुक्ततेच्या कडेवर. ‘निर्दोष ठरवून मुक्तता’ या वाक्प्रचारातील मधला शब्द बातमीच्या मथळ्यात मावेना म्हणून गळाला, आणि मुक्तताच निर्दोष झाली. ही चूक आम्ही क्षमेस पात्र समजतो. मथळ्याची जागा थोडी असते. अर्थाची चूक मात्र तशी सोडून देण्याजोगी नाही. फौजदारी न्यायालयापुढील प्रश्न ‘हा मनुष्य निर्दोष आहे काय?’ असा नसतोच. ‘याच्यावर ठेवलेला आरोप वाजवी संशयाला जागा न राहील इतका शाबीत झाला काय?’ एवढाच तो असतो. उत्तर नकारार्थी आले की आरोपी सुटतो. तो मुळात निरपराध होता म्हणून सुटला, साक्षीदार उलटले म्हणून सुटला की तपास गबाळा झाला म्हणून सुटला, हे निकालपत्र वाचल्यावाचून कळत नाही. एकाच्या पदरी ‘निर्दोष’ हे विशेषण फुकट पडते, आणि दुसऱ्याने ते सर्वस्वी आपल्या हक्काने मिळविलेले असूनही त्याचे मोल त्या पहिल्यामुळे उतरते.

सरकारी परिभाषेने येथे वेगळी वाट धरली. शासनाच्या मराठी कायदेभाषेत खटला पुरा चालून आरोपी सुटतो त्या निकालास ‘दोषमुक्ती’ म्हटले आहे. आणि आरोप निश्चित होण्यापूर्वीच, कागदपत्रे पाहून, खटला चालविण्याजोगे काही नाही म्हणून न्यायाधीश ज्यास सोडतात त्याच्यासाठी ‘विनादोषारोप सोडणे’ असा बोजड पण प्रामाणिक प्रयोग योजला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे दोन टप्पे वेगळे होते व १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते वेगळेच आहेत. वर्तमानपत्रांनी मात्र पहिल्या टप्प्यावर सुटणाऱ्यास ‘दोषमुक्त’ व शेवटी सुटणाऱ्यास ‘निर्दोष’ म्हणण्याचा परिपाठ पाडला. परिणामी कायद्याच्या पुस्तकातील ‘दोषमुक्त’ आणि बातमीतील ‘दोषमुक्त’ हे एकाच नावाचे दोन भिन्न गृहस्थ झाले आहेत. त्यातच ‘संशयाचा फायदा’ या प्रयोगाची भर. संशय दुसऱ्यांनी घ्यावयाचा आणि त्याचा ‘फायदा’ आरोपीस व्हावयाचा! वाण्याच्या वहीतील हा शब्द न्यायासनासमोर आला आणि सुटलेला माणूस काहीतरी नफा पदरात पाडून घेऊन घरी गेला, असा भास कायमचा ठेवून गेला.

न्यायालयांसही ही अडचण जाणवलेली आहे. २०१२ साली तामिळनाडूतील एका बडतर्फ पोलीस शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ‘सन्मानपूर्वक सुटका’, ‘संपूर्ण दोषमुक्त’ अशी वचने फौजदारी संहितेस ठाऊक नाहीत; ती न्यायनिवाड्यांतून घडलेली आहेत व त्यांची नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. सर्व पुरावा नीट तपासून सरकारपक्ष आरोप सिद्ध करण्यात पुरता असमर्थ ठरला असेल, तर सुटका सन्मानपूर्वक झाली असे कदाचित म्हणता येईल, इतपत न्यायालय गेले. त्या शिपायाच्या खटल्यात मात्र मुख्य साक्षीदारच उलटले होते. त्याची बडतर्फी कायम राहिली. म्हणजे कायद्याच्या लेखी सुटका एकच, पण माणसाच्या नोकरीचा व नावाचा प्रश्न आला की तिच्यात प्रती पाडाव्या लागतात. स्कॉटलंडने याच प्रती कैक शतके उघडपणे पाडल्या होत्या: ‘दोषी’, ‘दोषी नाही’ आणि ‘शाबीत नाही’ असे तीन निकाल तेथील पंचांस देता येत. तिसऱ्या निकालाने सुटलेला मनुष्य कायद्याने मोकळा व लोकांच्या नजरेत अडकलेला राही. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट, जो स्वतः न्यायखात्यात होता, त्याने या तिसऱ्या निकालाची संभावना फार कडवट शब्दांत केली आहे. २०२५ साली स्कॉटिश पार्लमेंटने तो निकाल रद्द करण्याचा कायदा संमत केला.

‘क्लीन चिट’विषयी दोनच शब्द. हा प्रयोग अस्सल इंग्रजी आहे असे समजून तो टाळणारे आणि वापरणारे दोघेही फसतात. त्यातला ‘चिट’ म्हणजे आपलीच चिठ्ठी. कंपनी सरकारच्या काळात साहेब लोकांनी ती उचलली. घरचा खानसामा किंवा हुजऱ्या नोकरी सोडून जाऊ लागला की त्यास वर्तणुकीची चिठ्ठी लिहून देत, आणि तो ती जपून ठेवून पुढच्या साहेबास दाखवी. ती चिठ्ठी आता शेपूट तुटून परत आली आहे. तिच्यात न्यायाचा काही संबंध नव्हता. मालकाच्या मर्जीचा होता. एखाद्या खात्याने आपल्याच माणसास चौकशीअंती जे काही दिले त्यास ‘क्लीन चिट’ म्हणावे, हे आम्हांस अगदी समर्पक वाटते. न्यायालयाच्या निकालास मात्र तो शब्द लावू नये.

परभाषांकडे पाहिले तर या कल्पनेची रूपके किती वेगवेगळी आहेत ते दिसते. इंग्रजीतील ‘अॅक्विट’ हा शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारातून आला. त्याच्या मुळाशी देणे फिटल्याची कल्पना आहे. ‘एक्झॉनरेट’ या शब्दाचे कूळ लॅटिन. ‘ओनस’ म्हणजे ओझे. ते उतरविणे हा त्याचा मूळ अर्थ. आम्हांस या सर्वांत ओझ्याचे रूपक अधिक न्याय्य वाटते. ऋण आपण स्वतः काढलेले असते, डाग आपल्याच वस्त्रावर असतो, बंधन आपल्याच पायात असते. ओझे मात्र दुसऱ्याने लादलेले असू शकते, आणि ते उतरले म्हणजे पाठ जशी होती तशीच राहते. याच्या उलट टोकाला ‘माफी’ उभी आहे. फ्रान्समधील कॅप्टन ड्रेफसचे प्रकरण या दृष्टीने कोणत्याही कोशापेक्षा अधिक बोधप्रद आहे. १८९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून त्यास जन्मठेप झाली. १८९९ साली खटला पुन्हा चालला व लष्करी न्यायालयाने त्यास पुन्हा दोषीच ठरविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. बंधन तुटले, ड्रेफस घरी आला. आपल्या ‘मुक्त’ शब्दाच्या हिशेबाने प्रकरण येथेच संपावयास हवे होते. पण माफी स्वीकारतानाच त्याने जाहीर केले की आपण आपली लढाई सोडलेली नाही. १२ जुलै १९०६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९९ चा निकालच चुकीचा म्हणून रद्द केला, तेव्हा कोठे ते ओझे उतरले. ‘सुटला’ आणि ‘ओझे उतरले’ यांत सात वर्षांचे अंतर पडले ते असे.

गंमत अशी की ओझ्याचे हे रूपक आपल्याकडे नाही असे नाही. ते आपल्या ‘आरोप’ या शब्दातच दडून बसले आहे. आरोप म्हणजे एकावर दुसऱ्याची स्थापना, वर ठेवणे. वेदान्त्यांनी ‘अध्यारोप’ ही संज्ञा याच धातूपासून बनविली: अंधारात दोरीवर सापाचा अध्यारोप होतो, आणि दिवा आणल्यावर तो दूर होतो. त्या दूर होण्याला त्यांनी ‘अपवाद’ म्हटले. लौकिक संस्कृतात हाच ‘अपवाद’ निंदेच्या अर्थी येतो. सीतेस वनवास घडविणारा तो लोकापवाद. शास्त्रात जो शब्द खोटा आरोप पुसणारा, तोच व्यवहारात खोटा आरोप करणारा, ही भाषेची थट्टा असो. आम्हांस येथे दोरीशी कर्तव्य आहे. दिवा आला आणि दोरी दिसली, तेव्हा ‘दोरी सर्पमुक्त झाली’ असे कोणत्या आचार्यांनी म्हटले आहे? साप तेथे नव्हताच. होता तो पाहणाऱ्याच्या नजरेत; फिटली ती त्याची भ्रांती. ‘दोषमुक्त’ म्हणणारे आम्ही मराठी लेखक दोरीला सर्पमुक्त करीत आहोत.

यास्तव आमची सूचना एवढीच आहे. सुटलेल्या माणसाविषयी सामान्यतः ‘आरोपमुक्त’ हा शब्द वापरावा. तो आम्ही घडविलेला नाही. वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतोच. आरोपाने तो मनुष्य खरोखर बांधलेला होता व आता त्यापासून सुटला, हे अक्षरशः सत्य असल्यामुळे ‘मुक्त’ या पदाचा पूर्वेतिहास येथे खोटा पडत नाही, आणि त्याच्या दोषादोषाविषयी शब्द एक अवाक्षर काढीत नाही. ज्याचा निरपराधीपणा पुराव्याने उघड झाला त्यास ‘निरपराध ठरला’ असे स्पष्ट म्हणावे. वकील मंडळी म्हणतील की आरोप निश्चित होण्यापूर्वीच सोडलेल्यास ‘आरोपमुक्त’ तरी कसे म्हणावे? त्यांनी आपला ‘विनादोषारोप’ खुशाल ठेवावा. तुरुंगात दोन वर्षे काढलेल्या माणसावर आरोप नव्हता असे त्याच्या शेजाऱ्यांस पटवून देणे मात्र त्यांना जड जाईल. आणि ‘दोषमुक्त’? तो शब्द टाकून देऊ नये. ज्याच्या हातून खरोखर दोष घडला व प्रायश्चित्ताने, शिक्षेने किंवा भरपाईने जो तो फेडून बसला, त्याच्यासाठी तो शब्द उत्तम आहे, आणि अशा माणसासाठी आपल्याकडे फारसा दुसरा शब्दही नाही.

येथपर्यंत संस्कृत शब्दांचा विचार झाला. देशी मराठीकडे वळले म्हणजे एक निराळेच चित्र दिसते. दोष देण्याच्या बाबतीत आपली भाषा विलक्षण श्रीमंत आहे. आळ, किटाळ, बालंट, कुभांड, ठपका, बोल, बट्टा, तोहमत: प्रत्येकाची छटा वेगळी, प्रत्येकाचे क्रियापद वेगळे. आळ घेतात, कुभांड रचतात, ठपका ठेवतात, बोल लावतात. या सर्व क्रियापदांना कर्ता आहे; कोणीतरी आळ घेणारा, कोणीतरी कुभांड रचणारा असतो. आता हेच सर्व दूर होते तेव्हाची क्रियापदे पाहा. किटाळ टळते, बालंट जाते, डाग धुऊन निघतो, संशय फिटतो. कर्ता नाहीसा झाला! पाऊस उघडावा तसे किटाळ आपोआप टळते. घेताना हात दिसतो, जाताना दिसत नाही. ‘आरोप मागे घेणे’ असा एक प्रयोग आहे खरा, पण त्यात मागे येतो तो शब्द; ज्याच्या पाठीवर तो बसला होता त्याच्या पाठीचे काय झाले, हे त्या वाक्यात येत नाही. ही केवळ व्याकरणाची लकब आहे असे आम्हांस वाटत नाही. आळ घेणाऱ्यानेच तो आपल्या हाताने उतरवावयाचा असतो, ही गोष्ट आपल्या व्यवहारात विरळा. म्हणून भाषेस तिच्यासाठी क्रियापद लागले नाही.

विरळा, पण अगदीच अज्ञात नव्हे. भाद्रपद चतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, हे महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असते, आणि त्यावर उतारा म्हणून स्यमंतक मण्याची कथा ऐकावयाची हेही. कथेचा पहिला अर्धा भाग सर्वांच्या तोंडी आहे. सत्राजिताचा मणी घेऊन प्रसेन शिकारीस गेला, सिंहाने त्यास मारले, जांबवंताने सिंहास मारले, आणि इकडे द्वारकेत कृष्णाने मण्यासाठी प्रसेनाचा घात केला असा आळ सत्राजिताने घेतला. भागवतात यापुढे जे आहे ते आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. कृष्ण कोणापुढेही शपथ घेत नाही. तो नगरातील लोकांस बरोबर घेऊन माग काढीत जातो, अठ्ठावीस दिवस जांबवंताशी लढून मणी आणतो, आणि राजसभेत सत्राजितास बोलावून तो कसा मिळाला हे सर्वांसमक्ष सांगून त्याच्या हातात ठेवतो. सत्राजित खाली मान घालून घरी जातो, आणि मग स्वतः चालून येऊन आपली कन्या सत्यभामा व तोच मणी कृष्णास अर्पण करतो. म्हणजे येथे आळ उतरविण्याच्या क्रियेला कर्ता आहे, आणि तो आळ घेणाराच आहे. मणी कृष्ण ठेवून घेत नाही.

कथेचा दुसरा अर्धा भाग लोक सहसा सांगत नाहीत. पुढे शतधन्व्याने सत्राजितास मारून मणी पळविला व अक्रूराकडे ठेवला. कृष्णाने शतधन्व्याचा पाठलाग करून वध केला, तो त्याच्याजवळ मणी नाही. आणि या वेळी मनात किंतू आला तो परक्याच्या नव्हे, थोरल्या भावाच्या, बलरामाच्या. एकदा भर सभेत आळ उतरला होता. तरी दुसऱ्या प्रसंगी तो पुन्हा बसावयास जागा तयारच होती. शेवटी अक्रूराने मणी सर्वांस दाखविला तेव्हा कोठे घरातील संशय फिटला.

पुराणातील हा दुसरा अध्याय आपल्या अलीकडच्या इतिहासात जवळजवळ तसाच घडलेला आहे, फक्त त्यात सत्राजित नव्हता. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये लोकमान्य टिळक हे एक विश्वस्त झाले. विधवा ताई महाराजांनी औरंगाबादेस १९०१ साली दत्तक घेतला व नंतर तो नाकारला. त्या तंट्यातून टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा खटला होऊन ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांस दीड वर्षांची सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती साफ रद्द केली. ‘निर्दोष सुटले’ या शब्दांनी सांगावयाचे ते सर्व येथे सांगून होते. परंतु दत्तकाचा दिवाणी दावा चालूच होता, आणि १९१० साली त्याच उच्च न्यायालयाने दत्तकाविरुद्ध निकाल देताना टिळकांच्या बाजूच्या पुराव्यावर अविश्वास दाखविला. किटाळ टळले होते ते परत आले. १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवून दत्तक मान्य केला. फौजदारी व दिवाणी, दोन्हीकडचा शेवटचा शब्द आता टिळकांच्या बाजूचा होता. याहून अधिक ‘दोषमुक्त’ होणे ब्रिटिश साम्राज्यात कोणास शक्य नव्हते.

दरम्यान ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांचे हिंदी अशांततेवरील पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले होते, आणि त्यात इतर आरोपांबरोबर या प्रकरणाचेही कुत्सित वर्णन होते. टिळकांनी बेअब्रूची फिर्याद लंडनमध्ये चालविली. सर जॉन सायमन त्यांच्या बाजूने उभे राहिले, सर एडवर्ड कार्सन चिरोलच्या बाजूने. १९१९ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने चिरोलच्या बाजूने कौल दिला व खर्चाचा प्रचंड बोजा टिळकांवर पडला. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल त्याच शहरात, चार वर्षांपूर्वीच, झालेला होता. चिरोलचे ते पुस्तक ग्रंथसंग्रहालयांतून अजूनही वाचावयास मिळते. त्याच्या पानांवर १९१५ च्या निकालाचा उल्लेख नाही. तो असणे शक्यही नाही, कारण पुस्तक त्यापूर्वी पाच वर्षे छापलेले आहे.